संगणकाचा ताप

मे महिन्याचा दुसरा आठवडा. नागपुरांत दुपारचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोंचलेला आणि लग्नसराई ऐन भरांत आलेली. अशा दिवसांतील एका मध्यमवर्गीय घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. घरांतला थोरला मुलगा लग्नाच्या चित्रफिती संपादून देण्याचा व्यवसाय करतो. दोनतीन दिवसांचें चित्रण, त्यांतून वेंचून काढलेलीं दोन तासांचीं दृश्यें, त्यांवर चढविलेलें संगीत. हें सर्व जोडून अखेरची एकसंध फीत बांधावयाची म्हणजे टेबलाजवळच्या संगणकाला तास-दोन तास अखंड राबावें लागतें. जानेवारींत हें काम बिनबोभाट होत असे. आतां मात्र अर्धा तास होतो न होतो तोंच आंतले पंखे घोंगावूं लागतात, पडद्यावरचा टक्क्यांचा आंकडा मुंगीच्या पावलानें सरकूं लागतो, आणि एखादे दिवशीं पडदा एकाएकीं काळा पडून सारेंच बंद होतें. वधूपक्षाकडून निरोपावर निरोप येत असतात. दुरुस्तीवाला येतो, पेटीवर हात ठेवून पाहतो आणि सांगतो, "जुना झाला, नवा घ्या. नाहींतर पाण्याचा कूलर तरी बसवा." दोन्ही उपाय खर्चाचे, आणि निदान मात्र कोणीच केलेलें नसतें.

हा ताप येतो कोठून हें प्रथम पाहिलें पाहिजे. विजेचा पंप वीज घेतो आणि पाणी गच्चीवर चढवून देतो. संगणकाचा प्रोसेसर असें कोणतेंच दृश्य काम करीत नाहीं. त्यांतील अब्जावधि सूक्ष्म ट्रान्झिस्टरांची सेकंदांत अब्जावधि वेळां उघडझाप चाललेली असते, आणि तिच्यासाठीं घेतलेली वीज अखेर जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. १२५ वॅट वीज घेणारा प्रोसेसर म्हणजे १२५ वॅटची लहानशी शेगडीच होय. हा आंकडा ऐकून कोणी म्हणेल, घरांतील इस्त्री तर १००० वॅट घेते. तिच्यापुढें याची काय मातब्बरी? परंतु इस्त्रीचा तळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटरांचा असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास पांच वॅट झाले. उलट प्रोसेसरमधील चिप अंगठ्याच्या नखाहून किंचित् मोठी, फार तर अडीच चौरस सेंटिमीटरांची. तिच्या वांट्यास दर चौरस सेंटिमीटरास ५० वॅट येतात. इस्त्रीच्या दसपट दाट उष्णता एवढ्याशा जागेंतून उपसून काढावयाची, हा खरा प्रश्न आहे.

ही अडचण कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंत १९४६ सालीं लोकांपुढें आलेल्या एनियाक या यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या. तें दीडशें किलोवॅटच्या आसपास वीज घेई आणि तितकीच उष्णता सोडी. तें थंड ठेवण्याकरितां मोठमोठे झोतपंखे लावावे लागले. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें बांधलेल्या, १९६० सालीं चालू झालेल्या टिफ्रॅक या यंत्रांतहि सुमारें २,७०० नळ्या तापत असत. पुढें नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, आणि मध्यंतरीं असा एक काळ येऊन गेला कीं घरगुती संगणकाचा प्रोसेसर पंख्यावांचून, उघडाबोडका चाले. १९९३ च्या पहिल्या पेंटियमची भूक पंधरा वॅटच्या आसपास होती. २००४ च्या सुमारास ती शंभरापलीकडे गेली. २०२२ सालीं निघालेला कोअर आय-९ १३९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरावर २५३ वॅट घेऊं शकतो.

२००१ सालीं झालेला एक प्रयोग या संदर्भांत प्रसिद्ध आहे. चालू यंत्रांतील प्रोसेसरवरचा पंखा पत्र्यांसकट मुद्दाम उचलून घेण्यांत आला. पेंटियम ४ नें आपला वेग उतरविला आणि जीव वाचविला. ॲथलॉन मात्र पाहतां पाहतां धूर सोडून जळून गेला. आजच्या सर्वच प्रोसेसरांना हें आत्मरक्षणाचें शिक्षण दिलेलें असतें. उष्णतामान ९५ किंवा १०० अंशांच्या घरांत आलें कीं ते आपोआप वेग कमी करतात. तेव्हां नागपूरच्या त्या घरांतील संगणक मंदावला तो म्हातारा झाला म्हणून नव्हे. अंगाशीं आलेल्या आगीपासून तो स्वतःला जपत होता.

चिपेंत निर्माण झालेली उष्णता नाहींशी करील असें साधन कोठेंच मिळत नाहीं. तिला तेथून उचलून दुसरीकडे नेऊन सोडणें एवढेंच हातांत असतें. या प्रवासाचे टप्पे ठरलेले आहेत. चिपेवरून ती प्रोसेसरच्या धातूच्या झांकणांत येते, तेथून थर्मल पेस्टच्या पातळ लेपांतून कूलरच्या तांब्याच्या बैठकींत शिरते, तेथून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या जुडींत पसरते. पंख्याचा वारा तिला पत्र्यांवरून उचलून पेटींतल्या हवेंत टाकतो, आणि ती हवा पेटीबाहेर, खोलींत जाते. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. माठांतलें पाणी भोंवतालच्या हवेहून गार होतें, कारण माठाच्या अंगावर पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडतें आणि जातांना उष्णता घेऊन जातें. संगणकाच्या पंख्यास ही विद्या साध्य नाहीं. तो कितीहि गरगरला तरी प्रोसेसर खोलीच्या हवेहून थंड होणें नाहीं. खोलीचें उष्णतामान हा पाया. त्यावर बाकीचे मजले चढावयाचे.

हे मजले मोजतां येतात. खोली ४० अंशांवर आहे असें धरावें. पेटींतील हवा कोंडल्यामुळें खोलीपेक्षां २० अंश अधिक तापली आहे. आणि धुळीनें भरलेला, पेस्ट सुकलेला कूलर दर वॅटमागें ०.४ अंशाचा चढ देतो. १२५ वॅटांना तो ५० अंश झाला. ४०, २० आणि ५० मिळून ११० अंश होतात. हे ११० प्रत्यक्षांत दिसत नाहींत, कारण शंभरीजवळ येतांच प्रोसेसर हात आखडता घेतो. आतां हेंच गणित जानेवारींत मांडावें. खोली २० अंशांवर, बाकीचे मजले तेच, बेरीज ९०. काम निर्वेध पार पडतें आणि कोणाची तक्रार नसते. म्हणजे रोग हिवाळ्यांतहि अंगांत होताच. उन्हाळ्यानें तो बाहेर काढला एवढेंच. उन्हाळा कोणाच्या स्वाधीन नाहीं, परंतु वरचे दोन मजले, वीस अंशांचा आणि पन्नास अंशांचा, हे पुष्कळसे माणसाच्या हातचे आहेत.

त्यांपैकीं दोषी कोणता, हें ठरविण्याची एक सोपी कसोटी आहे. संगणकाचें उष्णतामान दाखविणारे एचडब्ल्यू इन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखे प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात. त्यांपैकीं एखादा चालू ठेवून यंत्रास जड काम द्यावें आणि आंकडे टिपून घ्यावेत. नंतर पेटीची बाजूची पाटी काढून, आंत हात न घालतां, तेंच काम पुन्हां द्यावें. पाटी काढतांच उष्णतामान आठदहा अंशांनीं उतरलें तर पेटींत हवा कोंडते असें समजावें. फरक नाममात्र पडला तर दोष कूलरकडे, त्याच्या धुळीकडे किंवा पेस्टकडे आहे. पुष्कळ घरांतून मग पाटी कायमची काढून ठेवण्यांत येते. हा उपाय नव्हे. उघड्या पेटींत हवेचा प्रवाह इकडेतिकडे विखुरतो आणि पाल, झुरळें, धूळ यांस मुक्तद्वार मिळतें.

या तपासांत आणखी एक भेद ओळखावा लागतो. प्रोसेसर तापला म्हणजे प्रथम तो मंद होतो. पडदा एकाएकीं काळा पडून यंत्र बंद झालें, आणि त्या क्षणापर्यंत आंकडे ठीक होते, तर संशय विजेच्या पेटीवर, म्हणजे एसएमपीएसवर घ्यावा. तिलाहि स्वतःचा पंखा असतो, तोहि धुळीनें जाम होतो, आणि तीहि फार तापल्यास वीज तोडते. पेटींतली कोंडलेली हवा तिच्याहि वांट्यास येतेच. तिची बाहेरची जाळी ब्रशानें साफ करावी. तिला उघडूं मात्र नये. वीज बंद केल्यावरहि तिच्या आंतील कपॅसिटरांत धोकादायक दाब शिल्लक राहतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर ती बदलणेंच बरें.

आतां धुळीकडे वळावें. जमिनीवर ठेवलेली पेटी म्हणजे न बोलतां चालणारा व्हॅक्यूम क्लीनरच. दोनतीन वर्षांनीं कूलरचे पत्रे पाहिले तर त्यांच्या तोंडावर पेळूसारखा मऊ, करडा थर बसलेला दिसतो. पंखा फिरतो, आवाज करतो, पण वारा पत्र्यांत शिरतच नाहीं. सफाईपूर्वीं यंत्र बंद करून तार भिंतींतून काढावी आणि चालू करण्याचें बटण कांहीं सेकंद दाबून धरावें, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. नंतर मऊ ब्रश आणि हवेचा फुंकर मारणारा छोटा ब्लोअर यांनीं, शक्य तर गच्चीवर किंवा ओसरीवर, धूळ उडवावी. फुंकर मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. मोकळें सोडल्यास तें मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग बिघडतें. घरांतला झाडण्याचा व्हॅक्यूम क्लीनर मदरबोर्डावर फिरवूं नये, कारण त्याच्या नळींत स्थिरविद्युत् सांचते. ओला फडका तर मुळींच नको.

धूळ काढूनहि आंकडा उतरला नाहीं तर कूलर काढून पेस्ट बदलावी लागते. या पेस्टविषयीं गैरसमज फार. धातूचे दोन सपाट दिसणारे पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तरी त्यांच्यामध्यें सूक्ष्म खळगे राहतात आणि त्यांत हवा भरते. हवा ही उष्णतेची भलतीच वाईट वाहक. तांबें तिच्या सुमारें १५,००० पट उष्णता वाहून नेतें. पेस्टचें काम या खळग्यांतून हवेला हुसकून लावणें. ती हवेपेक्षां शेंकडों पट बरी, परंतु तांब्यापेक्षां निदान तीसचाळीस पट वाईट असते. म्हणून जाड थर चोपडणारा माणूस उष्णतेच्या वाटेंत भिंतच बांधीत असतो. जुनी सुकलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनें स्वच्छ पुसून मध्यभागीं वाटाण्याच्या लहान दाण्याएवढा ठिपका ठेवावा आणि कूलरच्या दाबानेंच तो पसरूं द्यावा. स्क्रू आवळतांना एका कोपऱ्याचा, मग तिरक्या समोरच्या कोपऱ्याचा, असे थोडे थोडे आवळावे. इंटेलच्या कित्येक प्रोसेसरांबरोबर येणारा साधा कूलर प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांवर बसतो. त्यांतील एखादी खुंटी अर्धवट सुटलेली असणें ही अत्यंत नेहमीची बाब आहे. ती नीट दाबून बसविल्यावर दहापंधरा अंश उतरले अशीं उदाहरणें दुरुस्तीच्या दुकानांतून ऐकूं येतात. कूलर उचलतांनाहि घाई नको. यंत्र थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करावी, मग वीज तोडून कूलर किंचित् डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. एएमडीच्या एएम-४ जातीच्या बैठकींतून सरळ ओढल्यास प्रोसेसरहि त्याला चिकटून बाहेर येतो, आणि त्याच्या नाजूक पिना वांकतात. नव्या कूलरच्या बैठकीवरचा प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा काढावयास विसरणारे महाभागहि थोडे नाहींत.

एवढें झालें म्हणजे दर वॅटमागचा चढ ०.४ वरून ०.३ वर आला असें धरावें. पन्नासाचे साडेसदतीस झाले आणि बेरीज साडेसत्याण्णव. हुश्श म्हणावें अशी ही स्थिति नव्हे. आतां वीस अंशांचा मजला उतरविला पाहिजे.

नागपूरच्या त्या घरांत पेटी कोठें ठेवली आहे? बहुतेक संगणकाच्या टेबलांना खालीं एक दार असलेला कप्पा असतो, आणि ज्या पेटीला घरोघर चुकीनें 'सीपीयू' म्हणतात ती त्यांत मोठ्या हौसेनें सरकवून दार लावून घेतात. मागून बाहेर पडलेली गरम हवा कप्प्यांतच घुटमळते आणि पुढून पुन्हां आंत ओढली जाते. असल्या कप्प्यांत दहा पंखे लावले तरी उपयोग शून्य. पेटी बाहेर काढून जमिनीपासून थोडी उंच, भिंतीपासून वीतभर दूर ठेवणें हा एक पैहि न लागणारा उपाय आहे, आणि अनेकदां तोच सर्वांत मोठा ठरतो.

नंतर वाऱ्याचा हिशेब. चित्रफीत बांधतांना प्रोसेसरचे १२५ वॅट, ग्राफिक्स कार्डाचे दीडशें-पावणेदोनशें, असे मिळून सुमारें ३०० वॅट पेटींत ओतले जातात. एवढी उष्णता दहा अंशांच्या चढांत वाहून न्यावयाची तर दर सेकंदास सुमारें २५ लिटर हवा पेटींतून गेली पाहिजे. म्हणजे पाण्याच्या दोन मध्यम बादल्या भरतील एवढी हवा, प्रत्येक सेकंदाला. मागचा एकुलता एक पंखा, पुढें छिद्रें बुजलेली शोभेची पाटी, आणि मध्यें तारांचा गुंता अशा स्थितींत हें घडत नाहीं. पुढून आंत आणि मागून व वरून बाहेर, ही हवेची स्वाभाविक दिशा. १२० मिलिमीटरचे दोन पंखे पुढें आणि एक मागें लावला कीं सामान्य घरगुती यंत्राचें भागतें. पंखा उलटा बसविण्याची चूक फार होते. पंख्याच्या ज्या बाजूस मधल्या चकतीला धरणाऱ्या काड्या असतात त्या बाजूनें वारा बाहेर पडतो, हें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे. आणि खात्रीच करावयाची तर देवघरांतली उदबत्ती आणावी. पेटी बंद करून, यंत्र चालू ठेवून, उदबत्ती पुढच्या जाळीपासून हातभर दूर धरावी. धूर आंत ओढला जात असेल तर ठीक. तो रेंगाळला किंवा अंगावर आला तर पंखे एकमेकांशीं भांडत आहेत असें समजावें. राख मात्र आंत जाऊं देऊं नये. आंत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेहून किंचित् अधिक असावी, म्हणजे फटींतून धूळ शोषली जात नाहीं आणि पुढची जाळी धुतली कीं काम होतें.

चाळीस, दहा आणि साडेसदतीस: साडेसत्यायशी अंश. आतां तो संगणक मे महिन्यांतल्या दुपारींहि पूर्ण वेगानें राबूं शकतो, आणि आतांपर्यंतचा खर्च म्हणजे पेस्टची एक नळी आणि दोन पंखे.

याहून पुढें जावयाचें असेल तर मूळ कूलर काढून उंच, तांब्याच्या नळ्यांचा कूलर बसवावा. या नळ्या दिसावयास साध्या. परंतु त्यांच्या पोटांत मौज आहे. आंतील हवा काढून घेऊन थोडेंसें पाणी भरलेलें असतें. निर्वातामुळें तें थोड्याशा उष्णतेंतच उकळतें, वाफ थंड टोकाकडे धांवते, पत्र्यांना उष्णता देऊन पुन्हां पाणी होते, आणि तें पाणी नळीच्या सच्छिद्र अस्तरांतून, समईच्या वातींत तेल चढावें तसें, गरम टोकाकडे परत येतें. ना पंप, ना आवाज. असा चांगला कूलर दर वॅटमागें ०.२ अंशावर काम भागवितो. म्हणजे प्रोसेसरचा मजला २५ अंशांचा आणि बेरीज ७५.

दुरुस्तीवाल्यानें सुचविलेला पाण्याचा कूलर वाईट असतो असें नव्हे. दोनशें वॅटांपलीकडच्या प्रोसेसरांस तो शोभतो. पण त्यांतील पाणीहि उष्णता गिळून टाकीत नाहीं. तें तिला पत्र्यांच्या दुसऱ्या जुडीपर्यंत नेतें, आणि तेथें पुन्हां पंखा, पुन्हां तीच पेटी, तीच खोली. दार लावलेल्या कप्प्यांत तो बसविला असता तर वीस अंशांचा मजला जागच्या जागीं राहिला असता. शिवाय पंप हा फिरणारा भाग. कांहीं वर्षांनीं तो थकतो.

एक उपाय स्क्रूड्रायव्हरहि न उचलतां करतां येतो. नव्या मदरबोर्डांच्या बायोसमध्यें प्रोसेसरनें जास्तींत जास्त किती वॅट घ्यावे याची मर्यादा ठरवून देतां येते. कित्येक मदरबोर्डांवर ती कारखान्यांतूनच सैल सोडलेली असते. प्रोसेसरला शेवटचा थोडासा वेग मिळविण्यासाठीं विजेचा दाबहि वाढवावा लागतो, आणि खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून मर्यादा उतरविल्यास वॅट पुष्कळ वांचतात आणि वेग त्यामानानें थोडाच जातो. दोन तासांच्या फितीस आठदहा मिनिटें अधिक लागतील, पण ती मध्येंच अडखळणार नाहीं. वेग उतरवावयाचाच, तर तो शंभर अंशांवर होरपळून उतरण्यापेक्षां आधींच ठरवून उतरविलेला बरा.

राहतां राहिला पाया, म्हणजे खोली. विदर्भांत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खिडकींत बसलेला असतोच, आणि त्यानें खोली आठदहा अंश गार झाली कीं प्रोसेसरहि तितकेच अंश उतरतो. मात्र कूलरचा झोत पेटीच्या तोंडावर थेट सोडूं नये. त्या हवेंत ओल असते, पाण्याचे बारीक तुषारहि येतात, आणि धुळीबरोबर मिळून त्यांचा पत्र्यांवर चिखल होतो. मुंबई-कोंकणांतल्या दमट हवेंत कूलरचा उपयोग नाहीं. तेथें धूळ चिकट होऊन बसते, म्हणून सफाई अधिक वेळां करावी लागते. आणि खोली बंद ठेवून कांहीं साधत नाहीं. संगणकानें बाहेर टाकलेले ३०० वॅट त्याच खोलींत सांचतात, तेव्हां खिडकीची वरची झडप उघडी असावी. नागपूरच्या त्या मुलानें वधूपक्षाची फीत रात्रीं जेवणानंतर चढवून ठेवली तर पहांटे, खोली तिसाच्या आसपास असतांना, ती तयार मिळेल.